आधी हक्क, मग दान: आजारी आणि निवृत्त परिचारिकांना मदत करताना

प्रश्न विट्याहून आला आहे. मिरजेत एकत्र जीएनएमचे (परिचर्या आणि प्रसूतिसेवेच्या पदविकेचे) शिक्षण घेतलेल्या काही परिचारिकांनी थोडी वर्गणी जमवली आहे. त्यांतल्या काही शासकीय सेवेत आहेत, तर काही खासगी रुग्णालयांत. त्यांच्या एक ज्येष्ठ सिस्टर, वय ५६, सांगली-मिरज परिसरातील एका खासगी रुग्णालयात २६ वर्षे नोकरीला होत्या. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, नोकरी सुटली, आणि आता त्या तासगाव तालुक्यात भावाच्या घरी असतात. त्यांना दरमहा दोन हजार रुपये द्यावेत, आणि पुढे अशाच गरजू परिचारिकांसाठी कायमचा निधी उभारावा, असा मंडळाचा विचार आहे. हे कसे करावे, असा मुख्य प्रश्न आहे, आणि इंग्लंडमध्ये परिचारिकांसाठी असे निधी चालतात, त्यांच्याकडून काय घेता येईल, असा एक उपप्रश्नही आहे. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर मदतीच्या अर्जांची छाननी करण्याचे काम मी करते, त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

दरमहा दोन हजार रुपये देण्याचा निर्णय तूर्त लांबणीवर टाकावा, असे मी सुचवेन. मदत करू नये, असे माझे म्हणणे नाही. ज्या बाईने २६ वर्षे एका ठिकाणी नोकरी केली, तिचे कायद्याने येणे असलेले पैसे बहुतेक वेळा कुठेतरी अडकून पडलेले असतात, आणि वर्गणीतल्या पहिल्या रुपयाचा उपयोग ते सोडवण्यासाठी व्हायला हवा. सहृदय मंडळे नेमके उलटे करतात. ती लगेच दरमहाची रक्कम बांधून देतात, तिच्यावर घर कसेबसे चालू लागते, आणि मग कागदपत्रांची निकड कुणालाच वाटत नाही. वर्ष-दीड वर्षाने वर्गणीचा उत्साह ओसरतो, तेव्हा बाईंच्या हाती मदतही नसते आणि हक्काचे पैसेही नसतात.

आपल्या सिस्टरच्या बाबतीत पहिली चौकशी भविष्य निर्वाह निधीची करावी. पुष्कळ सिस्टरच्या लेखी पी.एफ. म्हणजे नोकरी सुटल्यावर एकरकमी हाती येणारे पैसे. त्यातच मालकाच्या वर्गणीचा एक भाग कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये जमा होत असतो, याची त्यांना कल्पना नसते. दहा वर्षे सेवा झालेल्या सभासदाला ५८व्या वर्षापासून या योजनेतून निवृत्तिवेतन मिळते. पन्नाशीनंतर ते लवकर घेता येते, पण ५८ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांमागे चार-चार टक्के कपात होते. परंतु नोकरीत असतानाच कायमचे आणि संपूर्ण अपंगत्व आले, तर ५८ वर्षांची वाट पाहावी लागत नाही आणि दहा वर्षांच्या सेवेची अटही राहत नाही. आपल्या सिस्टरना पक्षाघात झाला तेव्हा त्या नोकरीवर होत्या, हे आपल्या पत्रावरून स्पष्ट दिसते. म्हणून ५६व्या वर्षी आठ टक्के कपात सोसून लवकरचे निवृत्तिवेतन मागण्याआधी अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज करावा. अर्जाचा नमुना, म्हणजे फॉर्म १०-डी, दोन्हींसाठी एकच आहे. आपण कोणत्या प्रकारचे निवृत्तिवेतन मागतो, हे त्यात लिहायचे असते, आणि घाईत भरलेल्या अर्जांत नेमकी हीच जागा चुकते. पक्षाघात कोणत्या तारखेला झाला, त्या दिवशी हजेरीपटावर नाव होते का, आणि रुग्णालयातून घरी सोडतानाच्या कागदावर काय निदान लिहिले आहे, ही तीन गोष्टींची जुळणी आधी करून ठेवावी, कारण वैद्यकीय मंडळापुढे तपासणीच्या वेळी हेच विचारले जाते. सांगली जिल्ह्यासाठी हे काम पी.एफ.च्या कोल्हापूर कार्यालयात होते. किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. हा आकडा ऐकून लोक हसतात, पण ते पैसे आयुष्यभर येतात आणि कुणाच्या उत्साहावर अवलंबून नसतात.

दुसरी चौकशी ग्रॅच्युइटीची. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या रुग्णालयाला १९७२चा उपदान (म्हणजे ग्रॅच्युइटी) कायदा लागू होता. आता त्याची जागा नव्या कायद्याने घेतली असली, तरी त्या सिस्टर दोन वर्षांपूर्वी बाहेर पडल्या असल्याने त्यांचा दावा त्याच कायद्याखाली पाहावा लागेल. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांची बेरीज २६ने भागायची, १५ने गुणायची, आणि सेवेच्या वर्षांनी गुणायची. समजा ती बेरीज १०,४०० रुपये असेल, तर एका वर्षाचे ६,००० रुपये आणि २६ वर्षांचे १,५६,००० रुपये होतात. दरमहा दोन हजारांच्या हिशेबाने आपल्या मंडळाला ही रक्कम द्यायला साडेसहा वर्षे लागतील. पाच वर्षांच्या सलग सेवेची अट मृत्यू किंवा अपंगत्वाच्या प्रसंगी लागू होत नाही, हेही इतर सिस्टरसाठी लक्षात ठेवावे. तीन वर्षे नोकरी करून अपघाताने घरी बसलेल्या मुलीला 'तुझी पाच वर्षे कुठे झाली' असे सांगून परत पाठवले जाते, ते चूक आहे. मागणीचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो, पण सबळ कारण असल्यास उशिराचा अर्जही विचारात घेतला जातो, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसापेक्षा सबळ कारण कोणते असणार? रुग्णालयाची मालकी मधल्या काळात बदलली असेल, तर नवे व्यवस्थापन जुन्याकडे आणि जुने नव्याकडे बोट दाखवते. अशा वेळी तोंडी विनवण्या थांबवून लेखी मागणी स्पीड पोस्टाने दोघांनाही पाठवावी आणि उत्तर न आल्यास ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. या टप्प्यावर वकिलाची फी, टायपिंग, नोटरी, प्रवास यांचा खर्च येतो, आणि निधीच्या पैशाचे इतके चांगले काम मला दुसरे दिसत नाही.

खरी लढाई कागदांची असते. एका सिस्टरच्या पिशवीत मी पाहिले होते ते असे: महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणी प्रमाणपत्रावर माहेरचे पूर्ण नाव, पी.एफ.च्या नोंदीत फक्त पहिले नाव आणि आडनावाचे एक अक्षर; आधार कार्डावर सासरचे नाव आणि जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी; बँकेच्या पासबुकावर घटस्फोटानंतर पुन्हा घेतलेले माहेरचे नाव, तेही वेगळ्या शुद्धलेखनात. चारही कागद एकाच बाईचे होते आणि कार्यालयाच्या दृष्टीने त्या चार बाया होत्या. यावर उपाय आहेत: विवाहनोंदणीचा दाखला, शासकीय राजपत्रात नावातील बदलाची प्रसिद्धी, आणि पी.एफ.साठी कर्मचारी व मालक यांनी मिळून करायचे संयुक्त घोषणापत्र. यांतले प्रत्येक काम साधे आहे, पण एकच हात चालणाऱ्या बाईला एकटीने करणे अशक्य आहे. त्यात आपल्या भागात पुराची भर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या कृष्णेच्या पुरांत नदीकाठच्या कित्येक घरांतल्या ट्रंका भिजल्या. पगाराच्या पावत्या, नेमणुकीची पत्रे, पी.एफ.च्या वार्षिक चिठ्ठ्या यांचा लगदा झाला. जुनी चिठ्ठी नसली तरी पी.एफ. क्रमांक सोबत काम केलेल्या सिस्टरच्या चिठ्ठीवरून पुष्कळदा सापडतो, कारण आस्थापनेचा सांकेतिक क्रमांक सर्वांचा एकच असतो आणि पुढचा खाते क्रमांक शोधणे मग सोपे जाते. आपल्या मंडळातल्या कुणी त्यांच्यासोबत त्या रुग्णालयात काम केले असेल, तर ती पहिली साक्षीदार समजा.

निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि इथे परिचारिकांची एक खास अडचण येते. वर्षानुवर्षे हात साबणाने आणि स्पिरिटने धुऊन बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात; यंत्रावर अंगठा उमटत नाही. अशी एखादी सिस्टर बँकेतून तीनदा परत येते आणि चौथ्यांदा जात नाही, आणि मग निवृत्तिवेतन थांबते. आता चेहरा ओळखून मोबाइलवर दाखला देण्याची सोय झालेली आहे, आणि पोस्टमनला घरी बोलावूनही तो देता येतो. मंडळातल्या एखाद्या तरुण मुलीने वर्षातून एकदा घरी जाऊन हे काम करून दिले, तर त्याला पैसेही लागत नाहीत.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हा यापुढच्या सर्व अर्जांचा पाया आहे. ऑनलाइन नोंदणी करून जिल्हा पातळीच्या शासकीय रुग्णालयात तपासणीची तारीख घ्यावी लागते, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास बहुतेक सवलतींची दारे उघडतात. तासगाव तालुक्यातून सांगलीला एसटीने आणणे त्यांना झेपणार नाही. गाडी करावी लागेल, सोबत एक माणूस लागेल, आणि तपासणी त्याच दिवशी होईलच असे नाही. तो सगळा खर्च निधीतून करावा. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येईल. ही योजना ६५ वर्षांखालील निराधारांसाठी आहे, आणि तिच्यात दिव्यांग, पक्षाघातासारख्या गंभीर आजाराचे रुग्ण, विधवा, परित्यक्ता, तसेच ३५ वर्षांवरील अविवाहित स्त्रिया येतात. शेवटचा गट परिचारिकांच्या दृष्टीने मोठा आहे. आधीच्या पिढीत भावंडांची शिक्षणे करता करता स्वतःचे लग्न राहून गेलेल्या सिस्टर आपल्या प्रत्येकीच्या ओळखीत असतील. ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना लागू होते. २०२३ पासून या दोन्ही योजनांत दरमहा १,५०० रुपये ठरले, आणि दिव्यांगांसाठी नंतर त्यात वाढही झाली. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपये आहे. भावाच्या घरी राहणाऱ्या सिस्टरच्या उत्पन्नाच्या दाखल्यात भावाची द्राक्षबाग आणि सातबारा येऊन बसतो, हा नेहमीचा घोळ. शिधापत्रिका स्वतंत्र करून घ्यावी आणि तलाठ्यापुढे त्यांची खरी परिस्थिती लेखी मांडावी.

आता आपल्या दोन हजारांकडे येऊ. वर्षाला २१,००० रुपये म्हणजे महिन्याला १,७५०. एखाद्या निराधार, पण दिव्यांग नसलेल्या वृद्ध सिस्टरच्या बँक खात्यात मंडळाने नियमितपणे दरमहा दोन हजार जमा केले, तर ते पासबुकावर उत्पन्नासारखे दिसू लागतात आणि शासनाच्या अनुदानावरच गदा येऊ शकते. म्हणजे आपण दोन हजार देऊन तिचे दीड हजार घालवले, असे होते. उत्पन्न लपवा, असा सल्ला मी देत नाही. निवृत्तिवेतन असेल तर ते अर्जात लिहिलेच पाहिजे. पण दान हे उत्पन्नाचे रूप घेणार नाही अशा रीतीने देता येते. औषधाच्या दुकानात महिन्याचे बिल थेट भरावे. फिजिओथेरपिस्टला त्याची फी द्यावी. चाकाची खुर्ची, पाण्याची गादी, कमोडची खुर्ची, न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा, उंबऱ्यावर उतार, या गोष्टी एकदाच लागतात आणि त्यांनी बाईंचा आणि त्यांना सांभाळणाऱ्या वहिनींचा दिवस बदलतो. वहिनींचा उल्लेख मुद्दाम करत आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या घरातल्या बाईला आठवड्यातून दोन दुपारी सुटका मिळावी म्हणून एखाद्या मावशींना ठेवले, तर तो खर्च सिस्टरवरच झाला, असे समजावे. भावाच्या घरातले त्यांचे स्थान बरेचसे त्यावर टिकून असते.

उपचाराच्या खर्चासाठी निधीला हात लावण्याची वेळ फार क्वचित यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे आणि तिच्यात वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार होतात. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. धर्मादाय न्यासाच्या नोंदणीकृत मोठ्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवून रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटावे. कर्मचारी राज्य विमा योजनेत किमान पाच वर्षे असून नियत वयाने निवृत्त झालेल्यांना वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. ही सोय फारच थोड्या जणी वापरतात, बहुधा कुणी सांगत नाही म्हणून.

इथवर जे लिहिले ते ज्यांचा पी.एफ. कापला जात होता त्यांच्यासाठी. निधीची खरी गरज त्यांच्या पलीकडच्या सिस्टरना आहे. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तिथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले; तेव्हापासून मिरज आणि सांगली ही दवाखान्यांची गावे झाली, आणि मोठ्या रुग्णालयांच्या आजूबाजूला सहा-आठ खाटांची नर्सिंग होम उभी राहिली. पी.एफ.साठी २० कर्मचारी आणि ग्रॅच्युइटीसाठी १० कर्मचारी, ही कायद्याची किमान संख्या तिथे भरतच नाही. डॉक्टर स्वतः, त्यांच्या पत्नी, दोन सिस्टर, एक मावशी आणि औषधांच्या दुकानातला मुलगा, इतकाच कारभार. त्या दोन सिस्टरपैकी एक बहुधा परिषदेकडे नोंदलेली असते आणि दुसरी दहावीनंतर कामाला लागून डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेली असते. सलाइन लावणे, टाके काढणे, बाळंतिणीजवळ रात्रभर बसणे, ही सगळी कामे तिने तीस वर्षे केली, गाव तिला सिस्टरच म्हणते, आणि साठीला ती घरी बसते तेव्हा तिच्याकडे दाखवायला एकही कागद नसतो.

आपल्या निधीच्या घटनेत लाभार्थी कोण, हे लिहिताना या दुसऱ्या सिस्टरचे काय करायचे, यावर मंडळात वाद होईल. नोंदणीकृत परिचारिकांच्या संघटना तिला परिचारिका मानत नाहीत, आणि व्यवसायाचा दर्जा राखण्यासाठी त्यांची ती भूमिका योग्यच आहे. अप्रशिक्षित माणसाने इंजेक्शन देऊ नये, याबद्दल माझे दुमत नाही. पण मदतनिधी म्हणजे नोकरभरती नव्हे. ज्या व्यवस्थेने तिला स्वस्तात वापरले, त्या व्यवस्थेचा दोष म्हातारपणी तिच्या माथी मारणे मला पटत नाही. इंग्लंडविषयीच्या आपल्या उपप्रश्नाचे उत्तरही इथेच देते. तिथे १८८७ मध्ये परिचारिकांसाठी निवृत्तिवेतन निधी स्थापन झाला, तो मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या बचतीवर चालणारा होता. १९१५ मध्ये ब्रुसेल्सला गोळ्या घालून मारलेल्या परिचारिका एडिथ कॅव्हेल यांच्या नावाने आज चालणारा न्यास १९१७ मध्ये सुरू झालेल्या निधीतून आला आहे, तो मात्र अडचणीतल्यांना मदत देणारा आहे आणि तो परिचारिका व सुईणींसोबत त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या आरोग्यसहायकांनाही मदत देतो. आपणही 'परिचर्येचे काम करून उपजीविका केलेली व्यक्ती' अशी व्याख्या करावी, नोंदणी चालू असण्याची अट घालू नये (निवृत्त बाई दर पाच वर्षांनी नूतनीकरण कशाला करील?), आणि पुरावा म्हणून जुन्या डॉक्टरांचे पत्र किंवा दोन सहकाऱ्यांचे लेखी निवेदन मान्य करावे.

निधीच्या रचनेविषयी थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी. संस्था म्हणून नोंदवायची तर १८६०च्या कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात. लाभ फक्त आपल्या वर्गमैत्रिणींना किंवा एकाच रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना मिळणार असेल, तर तो सार्वजनिक न्यास की सभासदांचा आपसातला कल्याण निधी, असा प्रश्न उभा राहतो. देणगीदारांना आयकरातील सवलत हवी असेल, तर सांगली जिल्ह्यातील किंवा सांगली-सातारा जिल्ह्यांतील परिचर्या करणाऱ्या सर्वांसाठी असे व्यापक उद्दिष्ट लिहिणे बरे. नोंदणीला वेळ लागतो. तोवर आपल्या सिस्टरच्या कामासाठी चार जणींनी मिळून खर्च करावा आणि हिशेबाची वही ठेवावी, एवढे पुरे.

मोठी ठेव जमवून तिच्या व्याजावर निधी चालवायचा, ही कल्पना सर्वांना आवडते. हिशेब करून पाहा. दहा लाख रुपये जमले आणि सात टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला सत्तर हजार, म्हणजे महिन्याला सहा हजारांहूनही कमी. उलट शंभर जणींनी दरमहा शंभर रुपये दिले, तर वर्षाला एक लाख वीस हजार जमतात, आणि शंभर जणी वर्षभर एकमेकींच्या संपर्कात राहतात, जे या कामात पैशाइतकेच लागते. म्हणून ठेवीचा ध्यास सुरुवातीला धरू नये. जी काही रक्कम शिल्लक राहील ती अनुसूचित बँकेत किंवा पोस्टात ठेवावी. पतसंस्थेचा दर कितीही मोहक असला, तरी बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला असलेले विमासंरक्षण पतसंस्थेच्या ठेवीला नसते, आणि सांगलीकरांना यावर अधिक सांगायला नको.

आपल्यातल्या शासकीय सेवेतील भगिनींसाठी एक वेगळी सूचना. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६च्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कमी करता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. झेपेल अशा समकक्ष पदावर तिला घ्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पद निर्माण करून निवृत्तीपर्यंत वेतन द्यावे लागते. पाठीच्या मणक्याच्या दुखण्याने किंवा पक्षाघाताने वॉर्डातली ड्युटी झेपत नाही म्हणून 'राजीनामा देऊन मोकळी हो' असा सल्ला घरचे आणि कधीकधी वरिष्ठही देतात. राजीनाम्याने मागची सेवाच धोक्यात येते. अगदीच काम होणार नसेल, तर महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ मध्ये वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीवर रुग्णता निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांची निवृत्तिवेतनाची व्यवस्था वेगळी आहे, त्यामुळे त्यांनी आस्थापना शाखेत लेखी विचारल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये. कंत्राटी आणि मानधनावरील भगिनींना यातले फार थोडे लागू होते. त्या आपल्या निधीच्या दुसऱ्या मोठ्या गटात येतील.

मदत देण्याच्या पद्धतीबद्दल माझी मते थोडी कडक आहेत. १२ मेच्या परिचारिका दिनाला व्यासपीठावर बोलावून, शाल-श्रीफळ देऊन, हातात पाकीट ठेवून फोटो काढू नयेत. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याला आधार दिला तिला घेण्याची सवय नसते. ती कार्यक्रमाला येईल, हसेल, आणि पुढच्या वेळी खरी गरज असताना आपल्याला कळवणार नाही. अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नसावा, छाननी दोघींनीच करावी, त्यांतली एक शक्यतो अर्जदाराच्या गावाबाहेरची असावी, आणि वार्षिक अहवालात नावांऐवजी फक्त क्रमांक, तालुका आणि रक्कम छापावी. लेखापरीक्षकाला मूळ कागद दाखवता येतात. सभासदांना नाव कळण्याची गरज नाही. घरी भेटीला जाताना एका माजी सहकाऱ्याला सोबत न्यावे, कारण पैशांची अडचण सिस्टर परक्याला सांगत नाहीत, पण सोबत नाईट केलेल्या मैत्रिणीला पहिल्या चहात सांगतात.

ज्यांना मुले आहेत आणि ती सांभाळत नाहीत, अशा सिस्टरचे अर्जही येतील. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. पण बहुतेक आया मुलावर अर्ज करायला तयार नसतात, आणि त्यांच्यावर तशी सक्ती करू नये. मदत त्या अटीवर बांधू तर नयेच.

आपल्या मंडळातल्या ज्या अजून नोकरीत आहेत त्यांनी या महिन्यात स्वतःचे पी.एफ. पासबुक मोबाइलवर उघडून नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख आणि वारसाची नोंद तपासावी, आणि निवृत्तिवेतनाच्या रकान्यात दरमहा रक्कम जमा होते की नाही, ते पाहावे. छोट्या नर्सिंग होममध्ये असलेल्या आणि चाळिशीच्या आतल्या मुलींनी अटल पेन्शन योजनेत खाते उघडावे. वर्गणीचा पहिल्या वर्षाचा भार मंडळाने उचलला तरी चालेल. आणि तासगावच्या सिस्टरकडे जाल तेव्हा त्यांच्या कागदांची पिशवी तिथेच उघडून प्रत्येक कागदाचा फोटो काढा, मूळ कागद त्यांच्याजवळच राहू द्या, आणि हजेरीपटाच्या प्रतीसाठी रुग्णालयाला पाठवायच्या अर्जावर त्यांची सही किंवा साक्षीदारांसमक्ष डाव्या हाताचा अंगठा त्याच भेटीत घेऊन या.